आधी घर की आधी ट्रीटमेंट? जुन्या फ्लॅटचं काम आणि बाळाची वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कर्वेनगरला १९८८ च्या बिल्डिंगमधला टू बीएचके, सासऱ्यांनी घेतलेला, तुम्ही दोघं आणि सासूबाई तिथेच राहताय. बाथरूमची ओल खालच्यांच्या सीलिंगला उतरलीये त्यामुळे काम काढावंच लागणार आहे. तीन वर्षं बाळासाठी प्रयत्न चालू आहेत आणि डॉक्टर म्हणालेत की उन्हाळ्यानंतर आयव्हीएफ सुरू करू. मिस्टरांचं म्हणणं, काढलंच आहे काम तर सगळं घरच करून टाकू, दुसरी बेडरूम बाळाची म्हणून सजवू, आणि पैसे वाचवायला दरवाजे-ग्रिल मी सुट्टीच्या दिवशी स्वतः घासतो. तुम्हाला सजवलेली खोली रिकामी बघवणार नाही. सासूबाई म्हणतात घरात आशा असताना तोडफोड नको. आणि इतकं सगळं लिहून तुम्ही विचारलंय काय, तर नवीन रंगाचा वास वाईट असतो का आणि काम चालू असताना घरातच राहिलं तर चालेल का.

राहू नका, हे आधी सांगते. आणि नवीन रंगापेक्षा मला तुमच्या घरातल्या जुन्या रंगाची जास्त काळजी वाटते.

मी सिव्हिल इंजिनियर आहे, पुण्यात जुन्या फ्लॅट्सची रिनोव्हेशनची कामं बरीच वर्षं करते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं काही सांगणार नाही, पण घरात काय काय उडतं, कशाचा वास किती दिवस राहतो आणि कुठलं काम कधी थांबवता येतं हे माझं रोजचं आहे. आणि बाळाची वाट बघणारी जोडपी माझ्याकडे खूप येतात, कारण बहुतेक लोक घराचं काम काढतात ते लग्न झाल्यावर नाहीतर बाळाच्या आधीच.

आता जुना रंग. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा अशा गडद रंगांमध्ये, शिसं भरपूर असायचं. तुमच्या काळच्या फ्लॅटमध्ये ऑइल पेंट कुठे असतो तर दरवाज्यांना, चौकटींना, लाकडी खिडक्यांना, ग्रिलला आणि किचन-पॅसेजच्या भिंतींना खाली तो कंबरेएवढा पट्टा असायचा बघा, त्याला. जुन्या ग्रिलवर आतला शेंदरी प्रायमर असेल तर तोही बऱ्याचदा शिशाचाच. हा रंग भिंतीला नीट चिकटून बसलाय तोवर काही करत नाही. पण त्याला कोरड्या पॉलिशपेपरने घासलं, ग्राइंडर लावला किंवा बर्नरने जाळून काढला की शिसं धुळीत नाहीतर धुरात येतं, नाका-तोंडातून शरीरात जातं, हाडात साठतं, आणि गरोदरपणात हाडातलं शिसं परत रक्तात उतरून बाळापर्यंत पोचू शकतं. म्हणजे "आत्ता तर काही नाहीये, नंतर काळजी घेऊ" हे इथे लागू होत नाही.

आणि हे फक्त बायकांचं नाही, हे मी प्रत्येक नवऱ्याला समोर बसवून सांगते. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, शिसं आणि थिनरसारखी सॉल्व्हंट्स दोन्ही त्याला वाईट. तुमचे मिस्टर एप्रिलमध्ये दरवाजे घासत बसले आणि जूनमध्ये आयव्हीएफची सायकल (उपचाराची एक फेरी) सुरू झाली तर तो घासण्याचा काळ बरोबर त्या अडीच महिन्यात येतो. त्यामुळे त्यांचा हा बेत आधी रद्द करा. पैसे वाचवायचेत ना, त्याच्या दुसऱ्या जागा पुढे सांगते. समजा घासाघासी आधीच थोडी झाली असेल तर घाबरून जाऊ नका, रक्तातलं शिसं साध्या तपासणीत कळतं, दोघांचं करायचं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मग त्या दरवाज्या-ग्रिलचं करायचं काय? हे कंडिशन बघून ठरतं. रंग घट्ट आहे, पापुद्रे सुटत नाहीयेत, तर घासूच नका, ओल्या फडक्याने पुसून वरून चांगला वॉटर बेस्ड प्रायमर आणि रंग मारून टाका, जुना थर आत बंद राहिला की झालं. पापुद्रे सुटतायत तर तो दरवाजा नाहीतर ग्रिल अख्खा काढून बाहेर न्यायचा, घरात त्याला हात लावायचा नाही. सागवानी दरवाजा असेल तर टाकून देऊ नका, सुताराच्या वर्कशॉपमध्ये ओलं घासून होतो, फक्त त्यालाही सांगा की जुना रंग शिशाचा असू शकतो, मास्क लाव, तोही माणूसच आहे आणि त्याच्याही घरी पोरं असतात. खिडक्यांचं मात्र मी सरळ सांगते, जुन्या लाकडी उघड-बंद होणाऱ्या खिडक्या बदला. दर वेळी उघडताना-लावताना रंग रंगावर घासतो आणि खिडकीच्या कट्ट्यावर बारीक धूळ पडत राहते, आणि रांगतं पोर पहिल्यांदा उभं राहतं ते त्याच कट्ट्याला धरून.

आणखी एक, छज्ज्यावर किंवा ड्राय बाल्कनीवर जुना सिमेंटचा पत्रा असेल किंवा डक्टमध्ये जुना सिमेंटचा पाइप असेल तर त्यात अ‍ॅसबेस्टॉस असण्याची शक्यता खूप. तो फोडायचा नाही, कापायचा नाही, पाणी मारून अख्खा उतरवायचा. आणि डक्टमध्ये कबुतरांची घाण असणारच, पुण्यात कुठल्या डक्टमध्ये नसते. ती कोरडी खरवडली की त्या धुळीने फुप्फुसांचा त्रास होतो, म्हणून आधी भिजवायची, मास्क लावून काढायची, मग जाळी लावायची. ही तिन्ही कामं तुम्ही कोणी घरात नसताना.

म्हणून राहू नका म्हणते. "आम्ही एका खोलीत दार लावून राहू" हे सगळे म्हणतात. धूळ दाराखालून येते, पंख्यावर बसते, अंथरुणात जाते, सासूबाईंना खोकला सुरू होतो, एकच संडास चालू त्यात पाणी कधी येणार कधी बंद, आणि दोघांची चिडचिड होते ती वेगळीच. जवळच, वारज्यात किंवा कर्वेनगरमध्येच, वन आरके चार-पाच महिन्यांसाठी मिळाला तर बघा, नाहीतर सासूबाई नणंदेकडे चिंचवडला जाऊ शकतात असं तुम्ही लिहिलंय तर दोघांची सोय करणं सोपं आहे. भाड्याचे पैसे वाया जातायत असं वाटेल पण रिकाम्या घरात काम पटकन होतं, माझ्या अनुभवात भरल्या घरापेक्षा जवळजवळ निम्म्या वेळात, आणि मजुरीतही फरक पडतो.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. पोटुशी बाई घरात असताना घर पाडू-बांधू नये असं आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात, आणि मी त्यावर कोणाशी वाद घालत नाही, कारण धुळीचा-पडझडीचा विचार केला तर ते बरोबरच आहे. फक्त त्यांना असं सांगून बघा की आई, म्हणूनच आत्ता करतोय, त्याआधी. ओल तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी धरणार, खालच्यांशी भांडणं होणार, आणि ऐन गरोदरपणात फोडाफोडी करायची वेळ येईल, ते जास्त वाईट. बहुतेक सासवांना हे पटतं. त्यांना गुडघ्यांमुळे कमोड हवा आहेच, तो त्यांच्या पसंतीचा घ्या, बाथरूममधला धरायचा दांडा किती उंचीवर हवा ते त्यांनाच विचारून मार्क करा.

आता क्रम, कारण तुमच्या दोघांचं खरं भांडण तिथेच आहे असं मला वाटतं. सगळं करायचं की थोडं यापेक्षा, प्रत्येक टप्प्यानंतर घर राहण्यासारखं असलं पाहिजे, म्हणजे कुठल्याही दिवशी "आता बास, पुढचं नंतर" म्हणता आलं पाहिजे. बाळाची तारीख कोणाच्या हातात नाही, ट्रीटमेंटची पण पूर्ण नाही, इंजेक्शनचे दहा-बारा दिवस म्हणजे एक दिवसाआड सोनोग्राफीला पळायचं, मग पुढची प्रोसिजर, मग दोन आठवडे रिपोर्टची वाट, एका सायकलमध्ये होईलच असंही नाही. त्या तारखांना घराचं काम बांधून ठेवलं की दोन्हीकडचा ताण एकमेकांवर चढतो.

तर आत्ता डिसेंबर चालू आहे, तुमच्या जागी मी असं करेन. जानेवारीत फोडाफोडी एकदाच, सगळी. बाथरूम-संडासची जुनी फरशी, जुने गंजलेले लोखंडी (जीआय) पाइप, वायरिंगसाठीच्या झिऱ्या, खिडक्या, ओटा बदलायचा असेल तर तो, सगळी धूळ एकाच महिन्यात. सोसायटीचं एनओसी आधी घ्या, कॉलम-बीमला कोणी हात लावत नाहीये ना ते बघा, आणि राडारोडा कुठे जाणार हे ठेकेदाराकडून लिहून घ्या, रात्री नदीकाठी नेऊन ओतणारे टेम्पोवाले खूप आहेत. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावा आणि खालच्यांना बोलावून त्यांच्या सीलिंगला बघायला सांगा. हे दोन दिवस वाचवू नका, गळती राहिली असेल तर ती इथेच कळते.

फेब्रुवारीत पुट्टी आणि रंग. पुट्टी घासताना पांढरी धूळ घरभर होते त्यामुळे तेव्हाही कोणी राहायचं नाही. भिंतींना पाण्यातला इमल्शन, लो व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं कमी) लिहिलेला. दरवाज्यांना मेलामाइन किंवा पीयू पॉलिश घरात मारून घेऊ नका, त्याचं थिनर आठवडेच्या आठवडे येत राहतं. होळीला कारागीर गावी जातात, ते धरूनच चाला, त्या आधी रंग संपला पाहिजे. मार्चमध्ये किचनच्या ट्रॉल्या आणि कपाटं. त्यानंतर घर चार ते सहा आठवडे नुसतं उघडं. आपला मार्च-एप्रिलचा कोरडा उन्हाळा यासाठी फार चांगला, उष्णतेने प्लायमधला, रंगातला वास लवकर बाहेर पडतो, रोज सकाळी कोणीतरी जाऊन खिडक्या उघडायच्या, कपाटांची दारं उघडी टाकायची, पंखे चालू. अक्षय्य तृतीयेच्या आसपास राहायला जा. पाडव्याचा मुहूर्त सासूबाईंना हवा असेल तर कलश ठेवून पूजा करा, राहायला मात्र नंतर जा. पावसाळ्यात रंगाचं काम काढूच नका, वाळत नाही, वास कोंडतो आणि खिडक्या उघडता येत नाहीत.

प्लायबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे लोक दुकानदारावर सोडून देतात. नवीन फर्निचरचा डोळे चुरचुरवणारा वास येतो तो प्लाय-एमडीएफच्या डिंकातल्या फॉर्मल्डिहाइडचा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलात की आयएसआय मार्क आणि ई-वन किंवा ई-झिरो ग्रेड (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा) मागा, बिलावर लिहून घ्या. बाहेरून लॅमिनेट आणि आतून उघडा प्लाय असं करू नका, आतूनही लायनर लावा, कडा पट्टीने बंद करा, जितका प्लाय उघडा तितका वास. चिकटवायला पांढरा पाण्यातला डिंक वापरायला सांगा, पिवळा रबरवाला उग्र असतो. आणि फर्निचर कमीच करा. सासऱ्यांच्या वेळचं गोदरेजचं लोखंडी कपाट असेल तर ते ठेवा, त्याला ना वास ना वाळवी. वाळवीसाठी पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर रिकाम्या घरात, फोडाफोडीच्या महिन्यातच, नंतर नाही.

पैसे वाचवायच्या जागा म्हणाले होते. तुमच्याकडे मोझेकच्या लाद्या असतील, १९८८ ला बहुतेक त्याच असायच्या. त्या काढू नका. पाणी टाकून मशीनने घासून पॉलिश करून घ्या, धूळ नाही, फोडाफोडी नाही, उन्हाळ्यात गार आणि रांगणाऱ्या पोराला घसरायला कमी. फॉल्स सीलिंग नको, उंची जाते आणि कबुतरं-उंदरांना घर होतं. जे वाचेल त्यातलं ट्रीटमेंटचं वेगळं ठेवा, त्याला घराच्या कामासाठी हात लावायचा नाही हे दोघांनी आधी ठरवा, कारण रिनोव्हेशन ठरवलेल्या बजेटच्या पंधरा-वीस टक्के वर जातंच. ठेकेदाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि "टप्पा संपल्यावर काम थांबवता येईल" हे साध्या कागदावर लिहून त्यावर ठेकेदाराची आणि तुमची सही घ्या.

आता दुसरी बेडरूम. तुम्ही लिहिलंय की त्या खोलीचा विषय निघाला की तुम्ही उठून जाता. ताई, ती खोली बाळाची करू नका. मी हे मिस्टरांच्या विरोधात म्हणत नाहीये, त्यांना काहीतरी हाताने करायचंय, वाट बघताना माणसाला ते लागतं. पण आपल्या घरात बाळ पहिलं वर्षभर तरी आईजवळ झोपतं, वेगळ्या खोलीत नाही, आणि बाळंतपणाला तुम्ही माहेरी गेलात तर पहिले दोन-तीन महिने इथे असणारही नाही. सजवलेल्या खोलीचा उपयोग तेव्हा कोणालाच नसतो आणि आत्ता मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो ही कोणासाठी. सासूबाईंचीच खोली म्हणून नीट करा, साधा फिका रंग, एक मोकळी भिंत.

बाळासाठी ज्या गोष्टी खरंच लागतात त्या बाकी घरात जातात, आणि मिस्टरांचा उत्साह तिथे लावा. बाथरूममध्ये काचेचं शॉवर क्युबिकल करू नका. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालणाऱ्या बाईला पाय पसरून बसायला सलग चार बाय पाच फूट तरी जागा लागते, खाली नळ, न घसरणारी फरशी, आणि तीच जागा सासूबाईंना स्टुलावर बसून अंघोळ करायला. ड्राय बाल्कनी बंद करून किचन मोठं करायचा मोह सगळ्यांना होतो, करू नका, पावसाळ्यात लंगोट-दुपटी वाळवायची कुठे? ग्रिलला उभे गज, चार इंचांपेक्षा कमी फट, आडवे गज म्हणजे पोरासाठी शिडीच. जुन्या वायरिंगला अर्थिंग बऱ्याचदा नसतं, ते नवीन करून तीस मिलिअँपचं आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा, प्लगला शटरवाले सॉकेट.

आणि गॅस गीझर. तुमच्या लिस्टमध्ये "गॅस गीझर बाथरूममध्ये शिफ्ट करणे" असं आहे. तसं अजिबात करू नका. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तो आईपेक्षाही जास्त बाधतो. ड्राय बाल्कनीत मोकळ्या हवेत असेल तर असू दे आणि पाइपने गरम पाणी आत घ्या, नाहीतर सरळ इलेक्ट्रिक किंवा सोलर.

कामाच्या मध्येच चांगली बातमी आली तर? येतेही, ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी आपसूक राहिलेली मी बघितली आहेत. तर मग धुळीची आणि वासाची कामं त्याच दिवशी थांबवायची, तुम्ही साइटवर जायचं नाही, मिस्टर साइटवरून आले की कपडे वेगळे धुवायचे, अंघोळ करून मग जवळ यायचं. ट्रॉल्या बसवणं, नळ, पंखे, दिवे ही कामं चालू राहू शकतात. आणि उलटं झालं, रिपोर्ट मनासारखा आला नाही, तर त्या आठवड्यात तुम्हाला ठेकेदाराचा एकही फोन येता कामा नये. टाइल कुठली, नळ कुठला, सगळं एकट्या मिस्टरांनी बघायचं किंवा सरळ पंधरा दिवस काम बंद. माझ्याकडे सहकारनगरचं एक जोडपं होतं, त्यांनी अशा वेळी रंगाच्या आधी काम थांबवलं, पुट्टी मारलेल्या भिंतींच्या घरात कितीतरी महिने राहिले, संडास-बाथरूम-किचन चालू होतं त्यामुळे काही अडलं नाही. मग एक दिवस तिचाच फोन आला की आता रंग करूया.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि लांबून सांगता येत नाहीत. एक, डॉक्टरांनी वयामुळे किंवा रिपोर्टमुळे उशीर करू नका म्हटलं असेल तर ट्रीटमेंट आधी, मग आत्ता फक्त बाथरूमची ओल थांबवा, तेवढ्यापुरतं बाहेर राहा आणि बाकी सगळं सोडून द्या. दुसरं, बिल्डिंग खरंच आरसीसी (कॉलम-बीमवर उभी) आहे की लोड बेअरिंग (भिंतींवरच उभी), कारण लोड बेअरिंग असेल तर एकही भिंत हलवायची नाही आणि मग ओट्याचा प्लॅन बदलेल.

खिडक्या, ग्रिल आणि बाथरूमचे फोटो टाका, मापं पण. काय ठेवायचं, काय काढायचं ते एकेक करून सांगते.